मागे सरकणाऱ्या चपला

गयाबाईंचा नंबर तिसरा आला तशा त्या बाकावरून उठल्या, इकडंतिकडं पाहिलं, रांगेतल्या आपल्या चपला उचलल्या आणि रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवल्या. मग पदरानं हात पुसत पुन्हा बाकावर येऊन बसल्या.

मी केस पेपरच्या खिडकीतून बघत होतो. म्हातारीला कमी दिसत असेल असं मला वाटलं.

"मावशी, चपला पुढं सरकवायच्या असतात. मागं नाही."

"व्हय बाबा," त्या म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

ही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बोरनदीच्या ग्रामीण रुग्णालयात मी अकरा महिन्यांच्या करारावर संगणक चालवायला होतो. तिथं माणसं रांगेत उभी राहत नसत, चपला उभ्या राहत. सकाळी आलं की केस पेपर काढायचा, डॉक्टरांच्या दारापासून लागलेल्या रांगेत आपल्या चपला ठेवायच्या आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. पुढचा आत गेला की कुणीतरी उठून सगळ्या चपला एकेक वीत पुढं सरकवी. अनवाणी आलेला माणूस पिशवी ठेवी, नाहीतर दगड. माणसाच्या रांगेत घुसणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्याच्या चपलेपुढं आपली चप्पल घालणारा मी तिथं एकही पाहिला नाही.

मला मात्र ती रांग बघवत नसे. मी सव्वीस वर्षांचा होतो, संगणकाच्या दोन परीक्षा पास होतो आणि सुधारणा म्हणजे काय हे मला एकट्यालाच कळलंय अशी माझी समजूत होती. आमच्याकडं संगणकावर नवीन प्रोग्राम आला होता. रुग्णाचा केस पेपर निघाला की मशीनमध्ये वेळ पडायची, औषध मिळालं की दुसरी वेळ पडायची, आणि दोन्ही वेळा त्याच्या कागदावर छापून यायच्या. रोज संध्याकाळी सरासरी जिल्ह्याला जायची. पंचेचाळीस मिनिटांच्या आत आली तर तो दिवस हिरवा, वर गेली तर लाल. फार थांबलेल्या माणसापुढं कारण निवडावं लागे. डॉक्टर नव्हते, औषध नव्हतं, वीज नव्हती, इतर, असे चार पर्याय होते.

आमचे अधीक्षक डॉक्टर बिडवई यांनी मला जानेवारीतच बोलावून सांगितलं होतं. "टेकाळे, फेब्रुवारी आणि मार्च. दोन महिन्यांत एकही लाल दिवस दिसला नाही तर तुमची ऑर्डर पुढं चालू. मी स्वतः शब्द टाकीन. लाल दिसला तर माझ्या हातात काही नाही."

घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि माझं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी 'कायम आहेत का' असं विचारलं होतं आणि आईनं 'होतीलच' असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळं मला दिवस हिरवा करण्यापलीकडं दुसरं काही सुचत नव्हतं.

बाकीचे दिवस आले ताळ्यावर. मंगळवार येईना. मी याद्या काढल्या. मंगळवारी साठ-एक पेशंट, आणि त्यात दरवेळी दोनच नावं चार-चार तास रेंगाळलेली. एक गयाबाई, राहणार हत्तीडोह. दुसरी कोंडाबाई, राहणार लिंबाळा. दोघींचाही आजार गुडघेदुखी.

हत्तीडोह गावाच्या उत्तरेला, लिंबाळा दक्षिणेला. गयाबाईंची एसटी पावणेनऊला यायची, कोंडाबाईंची पावणेअकराला. मी पुढच्या मंगळवारी काम करता करता दोघींवर नजर ठेवली, आणि जितकं बघितलं तितका जास्तच गोंधळलो.

कोंडाबाई धिप्पाड बाई. चेहऱ्यावर कायम रागावल्यासारखा भाव. तिच्यासोबत एक पोरगेली बाई असे, पोटुशी, तिचा केस पेपर कधीच नसे. गुडघेदुखीची पेशंट असलेली कोंडाबाई दवाखान्याच्या सहा पायऱ्या त्या पोरीच्या आधी चढून यायची. मग तिघी इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायच्या. गयाबाई एका टोकाला, पोरगी मधे, आणि कोंडाबाई दुसऱ्या टोकाला भिंतीकडं तोंड करून. दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत. आणि तरीही रांग पुढं आली की कोंडाबाई उठायची, स्वतःच्या चपला एका हातात, गयाबाईंच्या दुसऱ्या हातात घ्यायची आणि दोन्ही जोड शेजारी शेजारी शेवटी नेऊन ठेवायची. भांडण म्हणावं तर चपला का उचलते, मैत्री म्हणावं तर बोलत का नाही?

मी गयाबाईंना विचारलं. "मावशी, तुमचा नंबर येऊन गेला. आत का नाही जात?"

"ह्या लेकरावाल्या बाईला जाऊ दे आदी. लेकरू रडायलंय."

दुसऱ्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, "पायाला मुंग्या आल्यात बाबा. जरा बसते."

मग कोंडाबाईला विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चपला माज्या, नंबर माजा. म्होरं नेईन न्हाईतर मागं. तुला रं काय करायचंय?"

मी इंगोले सिस्टरांकडं गेलो. त्या तिथं अठरा वर्षं होत्या आणि गावातलं त्यांना ठाऊक नाही असं काही नव्हतं.

"राहू द्या हो टेकाळे. म्हातारी माणसं, बसतात जरा."

"सिस्टर, चार तास कुणी हौसेनं दवाखान्यात बसतं का?"

त्यांनी सिरिंजचा डबा बंद केला. "सगळंच तुमच्या मशीनला कळायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?" एवढं बोलून त्या वॉर्डात निघून गेल्या. मला वाटलं, संगणकावर राग आहे यांचा. जुन्या लोकांचा असतोच.

फेब्रुवारीचा पहिला मंगळवार आला. मी सोमवारीच डॉक्टर बिडवईंची परवानगी घेऊन 'रांगेत चपला ठेवू नयेत' असा बोर्ड लावला होता. साठीच्या वरच्यांना आधी आत सोडायचं असं ठरलं होतं. गयाबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात रोजच्यापेक्षा मोठी पिशवी होती. बोर्ड त्यांना वाचता येत नव्हता. रांगच दिसेना म्हणून त्या हातात चपला घेऊन घुटमळत उभ्या राहिल्या.

मी खिडकी सोडून बाहेर आलो आणि त्यांचा हात धरला. "चला मावशी. आजपासून तुम्हाला ताटकळायचं काम नाही."

"नगं नगं, बाबा. मी बसते. घाई न्हाई मला."

"घाई कशी नाही? गुडघे दुखतात ना?"

"दुखत्यात, पर…"

मी त्यांना आत नेलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, मी स्वतः औषधाच्या खिडकीत कागद सरकवला. आठ पन्नासला पेपर, नऊ चारला मोकळ्या. चौदा मिनिटं. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं, पण मला चेव आला होता. त्यांची एसटी साडेनऊला परत फिरायची. ती चुकली तर मग थेट साडेतीनलाच. दवाखान्यासमोरच थांबा. मी त्यांना गाडीपाशी घेऊन गेलो.

"मी हितंच बसते की, बाबा. दुपारच्यानं जाईन."

"दुपारपर्यंत उपाशी बसणार? चढा." मी कंडक्टरला म्हणालो, "मावशींना जागा दे रे चांगली."

कंडक्टर हत्तीडोहचाच होता. "झालं का मामी एवढ्या लवकर?" त्यानं विचारलं. गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पिशवी पोटाशी धरून वर चढल्या. गाडी वळली तेव्हा त्या खिडकीतून दवाखान्याकडं बघत होत्या. मी हात हलवला.

पावणेअकराला कोंडाबाई आणि ती पोरगी आल्या. पोरगी आधी बाकाकडं गेली, मग लिंबाखाली, मग पाण्याच्या टाकीकडं जाऊन आली. कोंडाबाई तडक माझ्या खिडकीशी आली. इतक्या दिवसांत ती आपण होऊन माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"ती हत्तीडोहची बाई आली न्हाई व्हय आज?"

"आली होती. चौदा मिनिटांत मोकळी केली. साडेनऊच्या गाडीत मी स्वतः बसवून दिलं."

"तू बसवलंस?"

"या हातांनी."

तिनं वळून बाकाकडं पाहिलं. मग म्हणाली, "लई उपकार झाले."

मी 'त्यात काय' म्हणालो. खरंच म्हणालो. मग तिलाही तसंच पुढं घातलं. दहा पंचावन्नला पेपर, अकरा सातला औषध. "साडेअकराची परतीची मिळेल तुम्हाला," मी म्हणालो.

"आमचं आमी बघू."

साडेअकराची गाडी गेली. दोघी बाकावरच बसून होत्या. टोकाची गयाबाईंची जागा मोकळी ठेवली होती. एक बाई तिथं बसायला आली तर कोंडाबाईनं तिला उठवलं. पोरगी मान खाली घालून हातातल्या बांगड्या मागंपुढं करत होती. मला काही समजेना. माणसाला लवकर सोडलं तरी जात नाही, तर याला काय म्हणायचं? मी सरासरी पाहिली, ती एकोणचाळीसवर होती. पहिला हिरवा मंगळवार. मी चहा मागवला आणि एक कप इंगोले सिस्टरांना नेऊन दिला.

त्यांनी कप हातात घेतला नाही. "गयाबाई कुठं गेली, टेकाळे?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"ती अयोध्या आहे ना, मधे बसणारी? ती गयाबाईची लेक. कोंडाबाईची सून."

मी कप टेबलावर ठेवला.

"लग्नात मानाचा फेटा आधी कुणाच्या डोक्याला बांधायचा यावरून दोघींचे नवरे भर मांडवात भिडले. तुमच्या गावचं पाणी पिणार नाही म्हणून दोघांनी शपथा घेतल्या. दोन वर्षं होत आली. लेकीला माहेर बंद, आईला लेकीचा उंबरा बंद. विहिणी-विहिणींनी बोलायचंसुद्धा नाही, अशी घरातून शपथ घातलेली."

"म्हणजे मंगळवारी…"

"कोंडाबाईचे गुडघे तुमच्या-माझ्यापेक्षा धड आहेत. सुनेला आई भेटावी म्हणून गुडघे दुखतात तिचे. बोलायचं नाही, अशी शपथ आहे, म्हणून भिंतीकडं तोंड करून बसते. शेजारी बसू नये अशी काही शपथ नाही."

"मग नुसतंच बसायचं ना. चपला कशाला मागं न्यायच्या?"

"आधी नुसत्याच बसायच्या. मग तुमचं मशीन आलं." सिस्टर माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "तुमच्या कागदावर सुटल्याची वेळ छापून येते. कोंडाबाईचा नवरा ग्रामपंचायतीत कारकून होता, कागद हातात घेऊन वाचतो. अकराला सुटलीस तर घरी यायला चार कसे वाजले, म्हणून विचारतो. सुटायचंच नाही, तर मग चपला मागं."

मला एकदम त्या दोन हातांतले दोन जोड आठवले.

"ती वरमाय आहे, टेकाळे. वरमायेनं विहिणीच्या चपला हातात घेतलेल्या कुठं पाहिल्यात तुम्ही? आणि अयोध्येला सातवा सरत आला. पुढच्या मंगळवारपासून एसटीत बसवणार नाहीत तिला. गयाबाई आज ओटी भरणार होती."

बाहेर बाकावर दोघी तशाच बसल्या होत्या. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. हे कुणी मला आधी सांगू नये? पण कोण सांगणार, आणि मी तरी काय ऐकणार होतो? मंगळवार कसा हिरवा होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली तशी मी मोटारसायकल काढली. हत्तीडोह चौदा किलोमीटर, रस्ता म्हणजे नुसती खडी. गयाबाईंचं घर विचारत गेलो. त्यांचा नवरा ओसरीत बाज विणत होता. बारीक, ताठ माणूस, डोक्याला फेटा.

"दवाखान्यातून आलोय. गयाबाईंची औषधं सकाळी चुकीची गेली. त्यांना परत यावं लागेल."

त्यानं सुतळी सोडली नाही. "सरकार घरी न्यायला कवापासून यायला लागलं?"

"चूक माझी आहे, म्हणून आलो."

"आज लगीच सोडलं मनून सांगत होती. आली तवापासून रडायलीय. मी मनलं, लवकर सुटली मनून कुणी रडतं व्हय? दुखतंय का, तर न्हाई. कुणी बोललं का, तर न्हाई." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. त्या माणसाला खरंच काही कळत नव्हतं. "चुकीच्या गोळीनं रडू येतं का वो, सायब?"

"येतं कधीकधी," मी म्हणालो.

गयाबाई दारात आल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. माझ्याकडं बघून आधी घाबरल्या. मी म्हणालो, "मावशी, दवाखान्यात अजून माणसं थांबलेली आहेत. तुमच्यावाचून काम अडलंय."

त्या आत गेल्या आणि क्षणात ती पिशवी घेऊन बाहेर आल्या. नवरा म्हणाला, "पिशवी कशाला?" तोपर्यंत त्या माझ्या मागं बसल्यासुद्धा होत्या. मोटारसायकलवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. अख्ख्या रस्त्यात त्यांनी माझा सदरा मुठीत धरून ठेवला होता आणि एकदाच विचारलं, "गेली नसंल ना रं?"

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. गयाबाई उतरल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या अनवाणीच आल्या होत्या. घाईत चपला घालायच्या राहिल्या होत्या. आवारातली फरशी उन्हानं तापलेली. त्या पाय उचलत, टेकवत चालत होत्या. अयोध्या उठली, पण पोटामुळं तिला पळता येईना.

तिच्याआधी कोंडाबाई उठली. तिनं आपल्या पायातल्या चपला काढल्या, वाकून हातानं उचलल्या, चार पावलं पुढं आली आणि गयाबाईंच्या पायाशी ठेवल्या. मग तोंड फिरवून सुनेला म्हणाली, "अयोध्या, तुज्या आईला सांग, फरशी तापलीय. घाल मनावं."

गयाबाईंनी त्या चपला घातल्या. त्यांना त्या बोटभर मोठ्या होत होत्या. मग त्यांनी लेकीला जवळ घेतलं, आणि मी खिडकीत येऊन बसलो, कारण तिथं उभं राहायचा मला काही अधिकार नव्हता.

बाकावरच ओटी भरली. खणाची चोळी, नारळ, मूठभर तांदूळ. डब्यातून धपाटे निघाले. इंगोले सिस्टरांनी कुंकू आणलं. कोंडाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. अयोध्येनं एक धपाटा मागं हात करून तिला दिला आणि तिनं तो न वळता घेतला.

सव्वादोनला अयोध्या उठायला लागली. लिंबाळ्याची गाडी अडीचला होती, त्यानंतरची पाचला.

"बस खाली," कोंडाबाई म्हणाली. मग आपला केस पेपर घेऊन ती अनवाणीच माझ्या खिडकीशी आली.

"ह्याच्यावर अकरा लिवलंय. आमच्या घरी वाचता येतं."

"हो."

"पाचच्या गाडीनं गेलो तर घरी काय सांगू?"

मी कागद बघत राहिलो. एकदा पडलेली सुटल्याची वेळ रद्द करता येत होती, पण मग नवी वेळ पडणार आणि ती सरासरीत धरली जाणार. गयाबाईंचा पेपरही तसाच बदलावा लागणार होता, नवऱ्याला चुकीच्या औषधाचं सांगितलं होतं ना. मी मनातल्या मनात भागाकार केला. पन्नासच्या आसपास. बाहेर अयोध्या आईच्या मांडीवर डोकं ठेवायला बघत होती आणि अरुंद बाकावर तिला ते जमत नव्हतं.

"काय करू सांग," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "माज्या लेकीसारकी हाय ती. माजं तिला एवडं एकच देनं हुतं."

"सांगा की दवाखान्यात लई थांबवलं," मी म्हणालो. "मशीन चालवणारा अडाणी आहे म्हणावं."

मी गयाबाईंना तीन वीसला सोडलं आणि कोंडाबाईला चार चाळीसला. दोन्ही नावांपुढं मशीननं कारण विचारलं. मी 'इतर' निवडलं. खाली लिहायला एक मोकळा चौकोन उघडला. त्यात काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून मी तो तसाच ठेवला. संध्याकाळी दिवस लाल झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बिडवईंनी बोलावलं. "पहिल्याच मंगळवारी? काल दुपारी तर एकोणचाळीस होते. काय झालं?"

"दोन पेपर लांबले, सर."

"इतर म्हणजे काय?"

"मला नीट सांगता येणार नाही."

"मशीन तुम्ही चालवता आणि तुम्हालाच सांगता येत नाही?" ते चिडले नव्हते. तेही गोंधळलेच होते. "टेकाळे, मी शब्द टाकणार होतो हो तुमच्यासाठी."

मी खाली येऊन बोर्ड काढला. मार्चअखेर माझी ऑर्डर आली नाही. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, तो आईनं मला आठ दिवस सांगितला नाही. पुढं मी बऱ्याच ठिकाणी बरीच कामं केली. त्या दोन फेट्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

पण मार्चचा शेवटचा मंगळवार मला आठवतो. अयोध्येचं येणं केव्हाच बंद झालं होतं. तरी गयाबाई पावणेनऊला आल्या आणि रांगेत चपला ठेवून बाकाच्या टोकाला बसल्या. आता कोंडाबाईला यायचं काहीच कारण उरलं नव्हतं, असं मला दीड महिना वाटत होतं, आणि दीड महिना ती येत होती. पावणेअकराला ती पायऱ्या चढून आली, एकटीच. दुसऱ्या टोकाला बसली, भिंतीकडं तोंड करून. मधली जागा मोकळी.

मग कोंडाबाई भिंतीला म्हणाली, "रातचं दोनदा उठती. मी जागीच असते."

गयाबाई समोरच्या लिंबाकडं बघत होत्या. त्या लिंबाला म्हणाल्या, "पायाला सूज आली का कुनास ठाऊक."

"सूज न्हाई," भिंतीकडून उत्तर आलं. "खाती चांगलं. चोळी तंग व्हायलीय. मी बाजूनं उसवून दिली."

लिंबाकडं बघणाऱ्या गयाबाईंनी पदरानं डोळे पुसले. रांग पुढं सरकली. कोंडाबाई उठली, दोन्ही जोड दोन हातांत घेतले आणि नेऊन शेवटी ठेवले.

थोड्या वेळानं नंबर पुन्हा आला. मी खिडकीतून हाक मारली, "गयाबाई, हत्तीडोह."

"ह्या लेकरावाल्या बाईला जाऊ दे आदी, बाबा," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागं लेकरू घेतलेलं कुणीही नव्हतं. मी पुढच्याचं नाव पुकारलं.